कपाळींचें लिखित व धाब्याचा कठडा

पवनेच्या कांठचें पिंपळे सौदागर हें एके काळीं शेतकऱ्यांचें गांव होतें. आज तेथें शेतांच्या जागीं उंच उंच इमारती उभ्या आहेत. अशा कामांवर आपल्या खेड्यांतील तरुणहि जात असतात. परांचीवरून एखादा मजूर पडून मेला, म्हणजे जमलेल्या लोकांच्या तोंडून पहिलें वाक्य निघतें तें हेंच: "त्याचे दिवस भरले होते."

हें वाक्य दुःखितांस धीर देण्यासाठीं उच्चारलें जातें, हें आम्ही जाणतों. परंतु तें कोणाच्या उपयोगी पडतें, इकडेहि वाचकांनीं लक्ष द्यावें. परांची कुजली होती काय, मजुराच्या कमरेस दोर होता काय, हे प्रश्न त्या वाक्यासरसे मिटतात. त्यापासून विधवेस लाभ होत नाहीं, ठेकेदारास होतो.

मूल जन्मल्यावर पांचव्या अथवा सहाव्या रात्रीं आपल्याकडे सटवाईची पूजा मांडून कोरा कागद व लेखणी ठेवितात, आणि ती मुलाच्या कपाळीं त्याचें आयुष्य लिहून जाते असें मानितात. बाळाचे पहिले दिवस फार धोक्याचे असतात. म्हणून त्या रात्रीं आईच्या मनांत उठणारें भय आम्हांस हंसण्याजोगें वाटत नाहीं. पण तें लिखित आजवर कोणीं आधीं वाचलें आहे? घडून गेल्यावरच तें वाचण्यांत येतें. देवीच्या रोगाचेंहि असेंच झालें. १८०२ सालीं मुंबईस एका तीन वर्षांच्या मुलीस लस टोंचली, ती या देशांतील पहिली. १९७५ सालीं त्या रोगाचा भारतांतील शेवटचा रोगी आढळला. मधल्या काळांत 'नशिबीं होतें' म्हणून ज्यांस मूठमाती दिली, त्यांतील पुष्कळांस एक टोंचणी वांचवूं शकली असती.

कोणी म्हणेल, "परमेश्वर सर्व जाणतो, त्याच्यावांचून चिमणीहि भूमीवर पडत नाहीं, असें तुम्हीच शिकवितां, मग भेद काय राहिला?" प्रश्न खरा आहे, व तो टाळणें बरें नाहीं. त्याच परमेश्वरानें अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत आज्ञा केली आहे कीं, नवें घर बांधणाऱ्यानें धाब्यास कठडा करावा, नाहीं तर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. कोण पडणार हें ज्याला ठाऊक, तोच कठडा मागतो! पौलाच्या गलबताची गोष्टहि पाहा. एकाहि जिवाचा नाश होणार नाहीं असें देवदूतानें त्याला सांगितलें होतें. तरी खलाशी होडी सोडून पळूं लागतांच त्यानें शताधिपतीस बजाविलें कीं, हे गेले तर तुम्ही वांचणार नाहीं. ते २७६ जण किनाऱ्यास लागले ते कोणी पोहून, कोणी फळ्यांवरून.

आतां आपल्याच मंडळ्यांविषयीं. आपल्यामधून सटवाईचें नांव गेलें, पण पुष्कळ घरीं तिच्या जागीं 'प्रभूची इच्छा' हे शब्द येऊन बसले आहेत. तापानें फणफणलेलें मूल तीन दिवस घरीं ठेवावें आणि चवथ्या दिवशीं कबरेजवळ हे शब्द म्हणावे, याला विश्वास कोण म्हणेल? शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते असें प्रभूनें कोणास म्हणूं दिलें नाहीं. लाजराला आपण उठविणार हें ठाऊक असतांहि त्याच्या कबरेकडे जातांना तो रडला.

म्हणून उपदेशकानें मयताच्या घरीं कारण सांगण्याची घाई करूं नये. बसावें, रडणाऱ्यांबरोबर रडावें. मग चार दिवसांनीं, हजेरीचे कागद व पंचनाम्याची नक्कल जपून ठेविली आहे काय, तें विचारावें. कामावर अपघात झालेल्या मजुरास अथवा त्याच्या कुटुंबास भरपाई मिळावी अशी तरतूद या देशाच्या कायद्यांत १९२३ सालापासून आहे. ज्या घरीं अर्ज लिहितां येत नाहीं तेथें तो लिहून देणें, हें उपदेशकाच्या कामाबाहेरचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.