हजेरीपटाबाहेरचे

कामगारकपात मोजायची ती कंपनीच्या हजेरीपटावरून, अशी आपली सवय आहे. गोव्याच्या डिचोली तालुक्यात या सवयीने फसगत होते. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी गोव्यातील 88 खाण लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. पटावरच्या कामगाराला निदान औद्योगिक विवाद कायद्याचा आधार होता: कपातीची नोटीस, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई. मये-पिळगावच्या ट्रकमालकाला मात्र कुणी काढले नाही, कारण मुळात कामावर घेतलेच नव्हते. खाणीपासून सारमानसच्या जेटीपर्यंत माल न्यायचा. ट्रक त्याचा, कर्जही त्याचेच. उभा ट्रकही पैसे खातो. बॅटरी उतरते, टायर भेगाळतात, विमा आणि फिटनेसची मुदत उलटते, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

तो धंदेवाईक होता, तेजीत कमावले तसे मंदीत सोसावे, असे यावर म्हटले जाते. चीनच्या मागणीच्या वर्षांत बऱ्यापैकी कमाई झाली, हे खरेच. पण धंदेवाल्याला गिऱ्हाईक बदलता येते. खनिजवाहू ट्रकाला तालुक्यात दुसरे गिऱ्हाईक कुठले? सरकारनेही हे ओळखले होते, म्हणून तर त्याआधीच्या, 2012 च्या खाणबंदीनंतर खाण अवलंबितांसाठी कर्जसवलतीची योजना आली. ती आली उपकारासारखी, अर्ज मागवून, सगळे थांबल्यावर.

शिरगावच्या विहिरी आटल्या, शेतांत गाळ भरला, तेव्हा खाणी थांबल्या हे बरेच झाले, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि मला तो मान्य आहे. मात्र त्या शेतकऱ्याचे नुकसानही कंपनीच्या वहीत नव्हतेच. ट्रकमालक आणि तो एकमेकांसमोर उभे केले जातात, याची सोय नेमकी कुणाला होते? 2014 च्या निवाड्यात न्यायालयाने विक्रीच्या 10 टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला लावली. म्हणजे खाण चालू असतानाच तिच्या अंताची तजवीज करता येते. तशीच टनामागे थोडी रक्कम वाहतूकदारांसाठी बाजूला काढली, तर बंदीच्या दिवशी अर्ज मागवावे लागणार नाहीत. 2022 च्या लिलावात डिचोलीचा ब्लॉक वेदांताकडे गेला. बोली लागली ती सरकारी हिश्श्यावर. हीच अट तेव्हा लिलावात घालता आली असती. हा प्रश्न खाणींपुरताही नाही. पेडण्यात मोपा विमानतळावर टॅक्सीवाल्यांना काउंटरसाठी आंदोलन करावे लागले. तिथेही गाडी आणि हप्ता चालकाचा, फाटक दुसऱ्याचे.