मांडुळाची किंमत

मांडुळाला आमच्याकडं दुतोंड्या म्हणतात. सहा महिने ते एका तोंडानं चालतं न् सहा महिने दुसऱ्या, असं म्हातारी माणसं सांगायची. खरं तर तोंड एकच. शेपूट मात्र बोथट, तोंडासारखंच दिसणारं. कुणी अंगावर आलं की मांडूळ वेटोळं करतं, डोकं खाली दडवतं न् शेपूट वर धरतं. घाव बसायचाच तर शेपटीवर बसतो, डोकं वाचतं. बिचाऱ्याला ना विष, ना पळायचा वेग. देवानं त्याला एवढी एकच लबाडी दिली.

त्याचा संसार सगळा भुसभुशीत मातीत. माळाला, बांधाच्या कडेला, वाळूत शिरून बसायचं. बहुतकरून अंधार पडल्यावर बाहेर निघायचं, उंदीर गावला की विळखा घालून मारायचा न् गिळायचा. ते अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देतं.

जोवर त्याला किंमत नव्हती, तोवर ते सुखात होतं. नांगरामागं निघालं, तर काठीनं बाजूला सारायचं, एवढंच. मग कुणीतरी उठवलं की मांडूळ घरात असलं की गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो. वजनावर लाखांचे भाव बोलले जाऊ लागले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला धरणं गुन्हा आहे. तरी पोत्यात घालून विकायला नेणारे सापडतातच. जीव वाचवायला केलेली शेपटीची लबाडीच त्याच्या मुळावर आली.

आता भली माणसं सांगतात, मांडूळ मारू नका, ते उंदीर खातं, शेतकऱ्याचा मित्र आहे. खोटं नाही ते. पण मला त्यातही खटकतं. मित्र असलं तरच जगू द्यायचं का? हीसुद्धा किंमतच झाली. लाखाची नाही, पायलीभर ज्वारीची, एवढाच फरक. उद्या उंदरांवर जालीम औषध निघालं, तर ह्या मित्राचं काय करायचं? आणि हाच हिशेब दावणीच्या थकलेल्या बैलाला लावला, सोप्यात बसलेल्या म्हाताऱ्याला लावला, तर?

कशाच्या उपयोगाचं, हे अवजाराला विचारावं. जिवाला विचारू नये.

माझ्या बांधाखाली एखादं मांडूळ असंल. उंदीर खात असंल, नसंल. मी काही मोजायला जात नाही.