उलट्या दुव्यांचे दप्तर

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांनी लेखकांचे लिखाण न विचारता गिळंकृत केल्याची ओरड सुरू झाल्यापासून एका जुन्या युक्तिवादाने पुन्हा डोके वर काढले आहे: सगळ्या अनर्थाचे मूळ वेबच्या एकतर्फी दुव्यात आहे आणि हायपरटेक्स्टचे, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या मजकुराचे, प्रणेते टेड नेल्सन यांचे वेळीच ऐकले असते, तर लेखक असा नागवला गेला नसता. संगणकतज्ज्ञ जॅरन लॅनिएर यांनी २०१३ मधील ‘हू ओन्स द फ्यूचर?’ या पुस्तकात हा युक्तिवाद हिरिरीने मांडला आणि त्यांच्या चाहत्यांनी त्याचे जवळजवळ स्तोत्र केले.

एकतर्फी दुवा म्हणजे एका पानावरून दुसऱ्याकडे नेणारी अशी वाट, जिची खबर त्या दुसऱ्या पानाला नसते. नेल्सन यांनी १९६० पासून ज्या ‘झॅनाडू’ प्रकल्पाचा ध्यास घेतला, त्यात दुवा दोन्ही टोकांना दिसणार होता, उद्धृत मजकूर मूळ लेखनाशी जोडलेला राहणार होता आणि वाचनागणिक मूळ लेखकाच्या पदरी किरकोळ का होईना, रक्कम पडणार होती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी हा डोलारा टाळला, कारण दोन्हीकडे नोंद ठेवायची तर ती ठेवणारी मध्यवर्ती यंत्रणा आली आणि तिची परवानगीही आली. त्यापेक्षा दुवा तुटला तर तुटो, वाचकाला पान सापडत नसल्याचा ‘४०४’ हा आकडा दिसो, पण दुवा देणाऱ्याला कोणाची मनधरणी करावी लागू नये. डिसेंबर १९९१ मध्ये सॅन अँटोनिओच्या हायपरटेक्स्ट परिषदेने त्यांचा निबंध नाकारून त्यांना केवळ प्रात्यक्षिकापुरती जागा दिली, याबद्दल तेथील विद्वानांना हसण्याचा प्रघात आहे. पण वेब पुढे जिंकले, एवढ्यावरून नकार देणारे मूर्ख ठरत नाहीत.

या वादाचा खरा उलगडा एप्रिल १९९८ मध्ये ब्रिस्बेन येथे भरलेल्या सातव्या वेब परिषदेत होतो. तेथे नेल्सन यांचा युरी रुबिन्स्की स्मृती पुरस्काराने गौरव झाला आणि तेथेच सर्गेई ब्रिन व लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांचा शोधयंत्रावरील निबंध सादर झाला. त्यांनी ५१ कोटी ८० लाख दुव्यांचा नकाशा तयार करून ते दुवे उलट दिशेने वाचले होते: एखाद्या पानाकडे कोणकोणती पाने दुवा देतात यावरून त्याचे वजन ठरवायचे, वजनदार पानाचा कौल अधिक मोलाचा मानायचा आणि त्या पानाने जितके दुवे दिले असतील तितक्यांत तो कौल वाटून टाकायचा. म्हणजे जी उलटी नोंद कोणीच ठेवायची नाही असे वेबने ठरवले होते, तीच एका बाहेरच्याने बसून भरली. जमीन साऱ्या गावाची आणि सातबारा मात्र खासगी तलाठ्याच्या दप्तरात, अशी ही तऱ्हा होती.

येथवर लॅनिएर यांचे म्हणणे मान्य करणे भाग पडते. अडचण त्यांच्या उपायात आहे, कारण दुहेरी दुव्याचा एक प्रयोग होऊन गेलेला आहे. २००२ मध्ये निघालेल्या ‘ट्रॅकबॅक’ या सोयीत दुवा देणारे संकेतस्थळ समोरच्याला तशी वर्दी धाडत असे. जाहिरातबाजांनी लवकरच खोट्या वर्द्यांचा एवढा मारा केला की कंटाळून अनेकांनी ती सोयच बंद केली. तेथे तर नोंदीमागे थेट पैसाही मिळत नव्हता! झॅनाडूत तो मिळाला असता, आणि मग खऱ्याखोट्याचा निवाडा करणारा कोणीतरी तेथेही नेमावाच लागला असता. तेव्हा दुवा एकेरी असावा की दुहेरी, हा वाद गौण ठरतो आणि दप्तर कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न पुढे येतो, जो नेल्सनभक्तांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

ब्रिन आणि पेज यांनी, गंमत अशी की, तो प्रश्न मनावर घेतला होता. त्यांच्या निबंधाच्या परिशिष्टात एक उदाहरण आहे: मोबाइल फोनविषयी शोध घेतला असता त्यांच्या यंत्राने फोनमुळे वाहनचालकाचे लक्ष कसे विचलित होते, याचा अभ्यास अग्रभागी आणून ठेवला. जाहिरातींवर पोसलेल्या यंत्राला असा निकाल पैसे मोजणाऱ्यांपुढे समर्थनीय ठरवणे जड जाईल, म्हणून एक तरी पारदर्शक शोधयंत्र विद्याक्षेत्रात असलेच पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या क्रमांकनपद्धतीचे पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्याच नावावर होते. विद्यापीठाने मात्र त्या दोघांच्या गूगल कंपनीला परवाना देताना १८ लाख समभाग घेतले आणि २००५ पर्यंत ते ३३ कोटी ६० लाख डॉलरना विकून टाकले.