वरून तसंच आलंय

सर्व्हर बंद, साहेब मीटिंगमध्ये, प्रिंटरची शाई संपली, हे सगळं मी माफ केलं. ‘वरून तसंच आलंय’ हे मात्र डोक्यातून जात नाही.

काकूंबरोबर गेलो होतो. कोपरच्या आमच्या शेजारीण. काका शेजारच्या शहरातल्या रुग्णालयात वारले आणि जिथे मृत्यू तिथेच नोंद, म्हणून आपल्या पालिकेचा उपयोग नाही. दाखला हाती आला तर दत्तात्रयचे दत्ताराम झालेले. नावं दोन्ही देवाचीच; पण बँकेला तेवढी भक्ती पुरत नाही.

खिडकीतला तरुण म्हणाला, “हॉस्पिटलकडून तसंच आलंय.” हॉस्पिटलच्या टेबलावर कळलं, “कॅज्युअल्टीतून तसंच आलं.” कॅज्युअल्टीत म्हणाले, रात्रपाळीच्या कागदावर तसंच होतं. आणखी थोडे वर चढलो असतो तर चित्रगुप्तच भेटला असता, आणि वहीतून मान वर न करता म्हणाला असता, “यमाकडून तसंच आलंय.”

ठाण्याचं ते प्रकरण तुम्ही विसरला नसाल. 2021 साली, कोरोनातून बरे होऊन महिने लोटलेल्या एका शिक्षकांना पालिकेतून फोन गेला की मृत्यूचा दाखला तयार आहे, घेऊन जा. फोन त्यांनीच उचलला होता. खुलासा काय? यादी पुण्याहून आली! समोरून मयत ‘हॅलो’ म्हणतोय, तरी यादी खरी. पुण्याहून आलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची आपल्याला सवय नाही, हा भाग वेगळा.

1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा इतका निगरगट्ट नाही. चूक होणार, हे 15 व्या कलमात धरलेलंच आहे. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, शेजारी समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. त्या सहीलाच सगळे घाबरतात. सही केली की ते ‘वरून’ आलेलं राहत नाही. आता 2023 च्या दुरुस्तीनंतर नोंद झाल्यावर सात दिवसांत दाखला द्यायचा आहे, तोही फुकट. मृत्यू 21 दिवसांत कळवला नाही तर विलंब शुल्क आपण भरतो. तिकडच्या विलंबाचं शुल्क भरताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

आणि खिडकीला सुतळीने बांधलेलं ते पेन! त्यावर मी पूर्वी लिहिलंय, पुढेही लिहीन. जे पेन वीतभर पुढे येत नाही, ते समासापर्यंत काय पोचणार?

पुढे पाठवणाऱ्याने एकदा वाचून पाठवावं, सोबतचं आधार कार्ड बघावं, एवढंच माझं म्हणणं. तेही फार जोरात नाही. तो पोरगा कंत्राटी, समोर रांग, मागे पंखा बंद. त्याच्याकडे तरी वरून काय काय येत असेल!

काकूंना आता प्रतिज्ञापत्र करायला सांगितलंय: दत्तात्रय आणि दत्ताराम ही एकाच व्यक्तीची नावं. चूक तिकडची, शपथ इकडची. कोपरला वरच्या फलाटावरून जिना उतरताना काकू दाखला पुन्हा उघडून म्हणाल्या, “भाऊ, निदान ‘पुरुष’ तरी बरोबर लिहिलंय.”

दुसऱ्या दिवशी काकांच्या नावाचं वीजबिल आलं. अक्षर न अक्षर बरोबर.