पुण्ण थेरांची क्षांती आणि शाळेतील मार

नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटावर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूप उकरला. या सोपाऱ्याशी परंपरेने ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते पुण्ण थेर. सुनापरान्तात जावयास ते निघाले तेव्हा भगवंतांनी विचारले, तेथील लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय मानशील? हाताने मारले तर? ढेकळांनी, दांड्याने, शस्त्राने मारले तर? प्रत्येक वेळी पुण्णांचे उत्तर एकाच वळणाचे: याहून वाईट केले नाही, एवढे हे लोक भले, असे मी मानीन.

ही कथा वर्षावासात आपल्या विहारांतून सांगितली जाते, आणि सांगितली जावीच. परंतु तिचा एक चमत्कारिक उपयोगही मी ऐकला आहे. मुलाला शाळेत मारले म्हणून बाप तक्रार करावयास निघाला, की शेजारचा एखादा उपासकच त्याला अडवितो. "अहो दादा, आपण बौद्ध माणसं. क्षांती धरा. गुरुजींचं नाव पोलिसांत कशाला?"

वसईकरांना तरी हा प्रश्न आता टाळता येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतील एका खाजगी शाळेत उशिरा आल्याबद्दल सहावीतल्या मुलीला शंभर उठाबशा काढावयास लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांतच ती मुलगी मरण पावली. शिक्षिकेवर गुन्हा दाखल झाला. मृत्यूचे कारण काय आणि दोष किती, हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. आपण ठरवू नये. पण त्या मुलीच्या आईसमोर बसून पुण्ण थेरांची गोष्ट सांगण्यास कोणी धजेल काय?

पुण्ण प्रौढ होते. स्वतःच्या इच्छेने निघाले होते आणि स्वतःच्याच अंगावरील माराविषयी बोलत होते. क्षमेचा अधिकार ज्याच्या पाठीवर वळ उठला त्याचा. मुलाच्या वतीने बापाने क्षमा करणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान देणे होय.

मुलांच्या बाबतीत तथागतांनी काय केले, हे विनयपिटकात पाहावे. राजगृहाची सतरा मुले उपालि नावाच्या मुलामागोमाग संघात आली होती. छब्बग्गिय भिक्खूंनी रागाच्या भरात त्यांना मारले. मुले रडू लागली. तथागतांनी मुलांना सहनशीलता शिकविली नाही. मारणाऱ्यांसाठी नियम केला; तो पाचित्तिय ७४. मग त्याच भिक्खूंनी मारले नाही, नुसता तळहात उगारला. मार बसणार या भीतीने मुले पुन्हा रडली, आणि पाचित्तिय ७५ झाला. मारणे हा एक दोष, हात उगारणे हा वेगळा दोष. कचाट्यात सापडलेल्याने सुटण्यासाठी प्रहार केला तर मात्र दोष नाही.

आजचा कायदाही हाच भेद करतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १३० मध्ये हात उगारून भीती घालणे हा हमला आहे; कलम ११५ प्रमाणे जाणूनबुजून दुखापत केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेपुरते २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना त्यात मनाई आहे. उठाबशा काढताना गुरुजींचा हात मुलाला लागत नाही, हे खरे. पण ती मुलाच्याच शरीराकडून मुलाला दिलेली शिक्षा आहे. मात्र कलम १७ मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई, एवढेच तेथे लिहिले आहे. त्यापुढे जावयाचे तर न्याय संहिता किंवा २०१५ चा बाल न्याय कायदा यांचाच आधार घ्यावा लागतो.

पोलिसांत जाणे म्हणजे वैर वाढविणे नव्हे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर महाडात मिळाले आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्याबद्दल आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. पण प्रकरण सोडूनही दिले नाही. खटला चालला आणि पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

मला अधिक अस्वस्थ करते ते न्याय संहितेचे कलम २७. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने, पालकाच्या उघड वा गर्भित संमतीने काही केले आणि त्यात इजा झाली, तर काही मर्यादांत तो अपराध ठरत नाही. गर्भित संमती! प्रवेशाच्या दिवशी आपलीच माणसे हात जोडून म्हणतात, "मारा, झोडा, पण पोराला शिकवा, गुरुजी." ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसविले, त्यांच्या या तळमळीला मी नावे ठेवणार नाही. विद्येसाठी ते काहीही द्यावयास तयार असतात. परंतु पोराची पाठ त्यांच्या मालकीची नाही. शाळेत कलम १७ मुळे ही ढाल आता फारशी उरलेली नाही, असे मला वाटते. कमरेचा पट्टा काढणाऱ्या बापाला मात्र घरात ती अजून आहे, आणि त्याविषयी आपल्या विहारांतून आपण अवाक्षर काढीत नाही.