'स्व' कोणाचा?

मामा निवृत्त पोलीस निरीक्षक, भाची फौजदारी वकील. विषय अमेरिकेतल्या डॅलसचा.

मामा: ७ जुलै २०१६ ची रात्र. पाच पोलिसांना ठार करणारा बंदूकधारी कॉलेजच्या इमारतीत दबा धरून बसलेला. बोलणी फिसकटलेली. पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउननी बॉम्ब हाताळणाऱ्या रोबोवर सुमारे अर्धा किलो सी-फोर स्फोटक चढवून आत पाठवलं. मीही तेच केलं असतं.

भाची: कदाचित मीही. पण गोळीबाराच्या अहवालात तुम्ही कारण काय लिहायचात?

मामा: 'स्वसंरक्षणार्थ'.

भाची: त्या रोबोला 'स्व' कुठला?

मामा: शब्दांत नको पकडूस. दुसऱ्याचा जीव वाचवणंही कायद्यात बसतं. कोपऱ्यापलीकडे पोलीस उभे होते, शिवाय तो बॉम्ब पेरल्याचं सांगत होता.

भाची: म्हणून डॅलसवर मी अडत नाही. १९८५ च्या गार्नर खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पळणाऱ्याकडून जिवाला गंभीर धोका असेल तरच प्राणघातक बळ वापरा. म्हणजे मुभा मिळते ती धोक्यामुळे, गुन्ह्यामुळे नाही. गुन्ह्याचा हिशेब कोर्टात. रोबो पुढे गेला की पोलिसाचा धोका घटतो. मग मुभाही घटायला नको?

मामा: उलट होतंय म्हणतेस?

भाची: नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने पोलिसांना रोबोकरवी प्राणघातक बळ वापरायला ८ विरुद्ध ३ मतांनी परवानगी दिली. लोक खवळले, तेव्हा आठवड्यात निर्णय फिरवला. आणि आपल्याकडे मुंबईच्या चकमकींच्या खटल्यात, २०१४ साली, अशा मृत्यूची स्वतंत्र चौकशी करा, हे सुप्रीम कोर्टाला बजावावं लागलं. तिथे तर समोरासमोर माणसंच होती.

मामा: मी एकदाच कुणावर पिस्तूल रोखलं. हात थरथरत होता. त्याने हात वर केले, मी चाप ओढला नाही.

भाची: रोबोच्या कॅमेऱ्यातून ते हात दिसले असते?

मामा: दिसले असते. माझ्यापेक्षा स्वच्छ.

भाची: आणि तुम्ही भिंतीआड सुरक्षित. मग चाप ओढायला कारण काय उरलं असतं?

मामा: (थोड्या वेळाने) 'स्वसंरक्षणार्थ' तरी लिहिता आलं नसतं.

भाची: दुसरं खरं कारण लिहिता येईपर्यंत त्याच रोबोच्या हाती फोन देऊन पाठवा.