हकिकतीचं ओझं

एग्मोर स्टेशनाजवळच्या एका खानावळीत शेजारच्या टेबलावरचे तरुण डॉक्टर बोलायला लागले. बालरोगाचं शिक्षण घेत होते. म्हणाले, "आया गोष्ट सांगायला लागल्या की मी थांबवतो. मला ताप कधी आला ते हवं असतं. गोष्ट ऐकत बसलो तर रांग कधी संपणार?" माणूस दुष्ट नव्हता, दमलेला होता. तरी ते बोलणं मला टोचत राहिलं.

चेन्नईचा हा भाग आजारी माणसांच्या पायाखालचा आहे. १८१९ साली स्थापन झालेलं डोळ्यांचं सरकारी इस्पितळ आज इथे आहे, १८४४ चं बाळंतपणाचं इथेच, आणि हॉल्स रोडवर लहान मुलांचं. त्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी एक आई दुसरीला पोराचं दुखणं सांगत होती. पोर मांडीवर, हाताला सुईची पट्टी, शेजारी रिपोर्टांनी फुगलेली कापडदुकानाची पिशवी. ताप किती तारखेला आला हे ती सांगतच नव्हती. आडी महिन्यात अम्मनच्या देवळात आंबील वाटली, सगळ्या गल्लीने प्यायली, त्याच्या दुसऱ्या रात्री पोर तापलं, शेजारणीचंही तापलं. तारीख विचारून थांबणाऱ्याच्या हाती एक आकडा लागला असता. ती आंबील, ती गल्ली, शेजारणीचं पोर, हे सगळं गोष्टीतच होतं.

रुग्णाचं ऐकावं, हे आता कोणी उघडपणे नाकारत नाही. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचं बोलणं तोडतात, हे १९८४ च्या अमेरिकी अभ्यासातलं निरीक्षण किती वेळा सांगून झालं आहे. आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञांनी १९८८ मध्ये आजाऱ्यांच्या हकिकतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या तरुण डॉक्टरांना मी हेच ऐकवलं असतं, आणि वाद जिंकल्याच्या समाधानात गाडी पकडली असती.

गाडी तंजावरची होती. तंजावर म्हटलं की मराठी माणसाला दुसरे सरफोजी राजे आठवतातच, आणि मला त्यांच्या ग्रंथांआधी त्यांचा धन्वंतरी महाल हा दवाखाना आठवतो. राजे स्वतः नेत्रचिकित्सेत लक्ष घालत. त्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात सापडल्या आहेत. रुग्णाची माहिती, केलेला उपचार, आणि सोबत त्या त्या रुग्णाच्या डोळ्यांची रंगीत चित्रं. आज आपण खिडकीवर पैसे भरून केसपेपर काढतो त्याचे हे पूर्वज, पण किती जिव्हाळ्याने केलेले! कुणीतरी त्या माणसासमोर बसलं, त्याच्या डोळ्यात नीट पाहिलं, रंग कालवले आणि बुबुळावरचा पडदा कागदावर उतरवला. आपल्याला काय होतंय हे त्या रुग्णाला रंगवून सांगावं लागलं नाही. ते कष्ट दुसऱ्याने घेतले.

इथे माझी गाडी अडली. मला वाटत होतं, माणसाला बोलू द्या म्हणजे झालं. पण सांगावंसं वाटणं वेगळं आणि सांगावं लागणं वेगळं. टपरीवरची आई पहिल्या जातीचं बोलत होती. दुसऱ्या जातीचं बोलणं महाराष्ट्रातल्या कुठल्याही धर्मादाय रुग्णालयात ऐकू येतं. तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. म्हणजे हक्क आहे. तरी रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा दाखला पुढे करून वर नवऱ्याचं दारू पिणं, गेलेलं काम, गहाण पडलेलं मंगळसूत्र हे सगळं सांगावं लागतं. एका टेबलावर सांगून झालं की दुसऱ्या टेबलावर. जिला रडून सांगता येतं तिचं काम लवकर होतं, आणि जिच्या तोंडून शब्द फुटत नाही ती मागे राहते. आता मोबाइलवर मदतीची आवाहनं येतात, त्यांत नळ्या लावलेलं लेकरू आणि खाली आईची कहाणी. ज्याची कहाणी चटका लावते त्याला पैसे मिळतात. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा रोग तोच असतो.

तेव्हा त्या डॉक्टरांशी माझं भांडण आहे, पण निराळं. गोष्ट कानावर पडू न देण्यात ते चुकतात, याबद्दल मला शंका नाही. मात्र प्रत्येकाने आपलं दुःख उलगडून मांडलं पाहिजे, हा आग्रहही मला आता क्रूर वाटतो. लहान मुलांच्या इस्पितळात तर तो जास्तच बोचतो. तिथे ज्याचा आजार त्याला बोलता येत नाही, आणि जी बोलते ती रात्रभर जागलेली असते.

हकीकत एकदा, बसून, निवांतपणे लिहून घेतली जावी आणि तो कागद पुढच्या प्रत्येक टेबलावर वाचला जावा. पोराच्या तापाची माहिती देऊन घरचं काहीच न सांगणाऱ्या बाईलाही खाट मिळावी. महाराष्ट्राच्या सरकारी इस्पितळांत समाजसेवा अधीक्षक हे पद याच कामासाठी आहे. पण त्या माणसांचा दिवस दाखले तपासण्यात आणि सह्यांत संपतो. त्यांची खुर्ची पैशांच्या खिडकीच्या आधी, केसपेपर निघतो तिथेच, हवी. आणि समोर रुग्णालाही बसायला दुसरी खुर्ची.